सारख्या वजनाचे चार रॉड

आमच्या शिवगंगेचं वजन मी रोज केलं नसतं, तर ह्यांच्या इंजिनाच्या भानगडीत पडलेच नसते.

शिवगंगा सात महिन्यांची. डॉक्टर म्हणाले होते, महिन्यातून एकदा वजन बघा. मी रोज बघत होते. (महिना फार लांब असतो आणि मी फार धीराची नाही.) महादेवप्पांच्या दुकानात दाराजवळ ज्वारीचा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात शिवगंगा, दुसऱ्यात मापं. रोज ती कमीच भरायची आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हजर. महादेवप्पा कधी नको म्हणाले नाहीत. दुष्काळात तोलायला दुसरं होतंच काय!

नवा जिल्हा झाल्याच्या आनंदात कुणीतरी लातूर ते औसा आणि परत अशी मोटारींची शर्यत काढली. नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी होतं, पण शर्यत होती. गावातल्या रेवणप्पांची जुनी फियाट धावणार आणि तिचं इंजिन आमचे हे बांधणार. आजवर ह्यांच्या गॅरेजात फक्त ट्रॅक्टर यायचे. फियाट पळाली तर नाव होणार, नाहीतर अख्ख्या औसा रोडवर हसू.

ह्यांनी नांदेडच्या भंगारातून सहा कनेक्टिंग रॉड आणले. रॉड म्हणजे वरखाली होणारा पिस्टन आणि खालचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, यांना जोडणारा लोखंडी हात. त्याच्या खालच्या तोंडाला दोन बोल्टांनी आवळलेली कॅप.

"सहातले चार सारख्या वजनाचे निवड," हे म्हणाले. "गाडी लई जोरात पळणार हाय. एखादा जड निघाला तर इंजिन थरथरून फुटंल."

"मी?"

"मग कोण? दिवसभर तोलतच तर असतीस."

रॉड तेलकट होते. पाणी कुठलं? रॉकेलच्या चिंधीनं पुसावेत म्हणून पान्यानं सगळ्या कॅपा सोडवल्या, परातीत टाकल्या, चकचकीत केल्या. मग तराजू गाठला; एका पारड्यात एक रॉड, दुसऱ्यात दुसरा. पण चार काही सारखे भरेनात. तेवढ्यात माझ्यातलं बी.एस्सी. (पहिलं वर्ष, तेही अर्धं) जागं झालं. जड रॉडला हलकी कॅप, हलक्या रॉडला जड कॅप! तासाभरात चारही रॉड सम. शिवगंगेच्या बारशालासुद्धा मी इतकी फुगले नव्हते.

शर्यतीला दोन दिवस उरले असताना हे भरदुपारी घरी आले, हात न पुसता.

"बोल्ट आवळले की क्रँक जाम. सैल केले की फिरतोय. काय केलंस?"

"काही नाही. कॅपा... जुळवल्या."

ह्यांनी रॉड माझ्या नाकापुढे धरला. रॉडवर तीनचा आकडा ठोकलेला, कॅपवर सहाचा.

"ज्याची त्यालाच बसती कॅप. दोन्ही आवळून एकदमच भोक पाडलेलं असतंय. आकडे दिसले न्हाईत?"

"मला वाटलं, भंगारवाल्याची खूण असेल."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सिद्धेश्वर, तिला बोलू नगंस. वजन जुळलं म्हून ह्याची बायकू त्याला दिली, तर संसार फिरंल का? जामच हुणार की!"

हे हसले. मग मीही हसले. (थोडं रडूनच.)

आकडे बघून जोड्या लावल्या आणि कानस घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. जड रॉड घासून हलका करायचा होता. मी सवयीनं दाराजवळच्या तराजूला हात घातला. महादेवप्पा गडबडले.

"माय, मागं रॉड ह्याच्यातच तोलले का?"

"हो की."

त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ह्यो घेणीचा हाय, शेतकऱ्याचा माल घ्यायचा. पासंग हाय ह्याला, माल कमी भरतोय. गिऱ्हाइकाला द्यायचा, देणीचा, आत हाय."

हे रॉड उचलून तडक सोनाराकडं गेले.

फियाट पाच गाड्यांत तिसरी आली. पण थरथरली नाही, बॉनेट न उघडता परत आली. सोमवारी गॅरेजपुढे दोन अँबॅसडर उभ्या होत्या.

मी मात्र हे सोनाराकडं जाताच घरून शिवगंगेला घेऊन दुकानाच्या आत पळाले होते. देणीच्या तराजूत ती एका क्षणात दीड पाव वाढली! आनंदानं मी घरभर नाचले. मग आठवलं, देणीचा तराजूही खोटाच, फक्त उलट्या बाजूनं.

"मग खरं वजन किती हो हिचं?"

"दोन्हीची बेरीज कर, निम्मं कर," हे म्हणाले. "शिकलेली हायस ना?"

केलं. तीनदा केलं. तीन उत्तरं आली.