सासऱ्यांचा बदाम

मी लिहिलेला प्रोग्राम चुकत नाही. भौतिकशास्त्र शिकलेली बाई आहे मी. माझ्या हातून भाजीत मीठ राहील, पण कंस उघडा राहणार नाही.

सासरे होते तेव्हा एकदा हळूच म्हणाले, "सूनबाई, ही रोज कुंड्यांचे फोटो टाकते. मी बदाम दिला नाही की चहा गार मिळतो. काही सोय होईल का?"

केली. सासूबाईंचा फोटो पडला, की मिनिटभरात सासऱ्यांच्या खात्यावरून पत्त्यातल्यासारखा लाल बदाम हजर. चहा गरम झाला.

मग सासरे गेले. प्रोग्राम बंद करायला माझा हात धजेना. सासूबाई फोटो टाकून फोन धरून बसायच्या आणि बदाम आला की मगच आंघोळीला उठायच्या. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

परवा त्या फोटोंच्या अ‍ॅपवाल्या कंपनीने आपला एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांना आत घेणारं दार, बदललं. 'किरकोळ दुरुस्त्या,' असं कळवलं होतं. फोटो कोणाचे हवेत ते सांगणारा शब्दच त्यांनी बदलला होता. माझा जुना शब्द नव्या दाराला कळेना. तक्रार करायची सोडून त्याने सगळ्या ओळखीपाळखीच्यांचे फोटो प्रोग्रामपुढे ओतले.

सकाळी नवरा फोन घेऊन आला. "बाबांनी वरच्या मजल्यावरच्या नृत्यशिक्षिकेला बदाम दिलाय."

"एकच?"

"तिच्या प्रत्येक फोटोला. दातांच्या डॉक्टरच्या जाहिरातीला. आणि स्वतःच्या निधनाच्या बातमीला."

तेवढ्यात धाकटे काका आले. सासऱ्यांनी त्यांच्याशी मरेपर्यंत अबोला धरला होता. डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, दादाने माझ्या टकलालाही बदाम दिला. माफ केलं मला!"

"तुम्हाला केलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "मी त्यांना करणार नाही. जन्मभर गुडघे दुखतात म्हणून वरचा जिना चढले नाहीत, आणि आता बघा."

त्या दिवशी त्यांनी फोटो टाकला नाही. कुंड्यांना पाणीही घातलं नाही. संध्याकाळी मी शेजारी बसून सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं गं," त्या म्हणाल्या. "या माणसाने आयुष्यात कुठली गोष्ट मिनिटभरात केली होती? पण खोटा का होईना, बदाम माझ्या एकटीचा होता."

"मग बंद करू का, आई?"

त्यांनी कुंडीतल्या सुकलेल्या मातीत बोट घालून पाहिलं.

"दुरुस्त कर. पण जरा उशीर लावत जा. दोन हाका मारल्याशिवाय हे कधी आलेच नाहीत."

आता प्रोग्राम दुसऱ्या फोटोपर्यंत थांबतो. कधीकधी साफ विसरतो. ती चूक नाही. तसंच लिहिलंय मी.