मी बांधलेली गोळी

कागदाचं मला कुणी काही सांगू नये! बावीस वर्षं पुस्तकांची बांधणी करतोय. दोन बोटांत धरून कागदाची जाडी सांगतो, आणि मी खळ लावून चिकटवलेलं काही सुटलं अशी तक्रार घेऊन आजवर एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. या गर्वापायी मी सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, यमाच्या दारात नेऊन उभं केलं!

मामांकडे ठासणीची जुनी बंदूक आहे. ठासणीची म्हणजे सगळं तोंडाकडून भरायचं. आधी दारू (बंदुकीची, गैरसमज नको), तिच्यावर गोल गोळी. गोळी नळीपेक्षा जराशी लहान असते, म्हणून तिला तुपकट चिंधीत गुंडाळून गजानं खाली ठासतात. जुन्या बंदुकांच्या मंडळाच्या वार्षिक नेमबाजीत पहिला बार मामांचा. मोतीबिंदूनंतर त्यांना जवळचं नीट दिसेना, तेव्हा भरायचं काम माझ्याकडे आलं.

पण चिंधी? कागद असताना? पूर्वी कागदही वापरत, असं बांधणीला आलेल्या एका फर्म्यात, म्हणजे पुस्तकाच्या सोळा पानांच्या जुडीत, मी वाचलं होतं. कोणता कागद आणि किती, ते पुढच्या फर्म्यात असणार. तो दुसऱ्या बांधणीवाल्याकडे गेला होता!

यंदा नेमबाजीच्या मैदानावर बंदुका भरायच्या टेबलाशी मी गुपचूप कामाला लागलो. चांगला जाड कागद. गोळीला दोन वेढे, घड्या दाबून बसवल्या आणि सुटायला नको म्हणून सगळीकडून खळ. गोळी अशी देखणी झाली, की वर नाव छापायचं तेवढं बाकी होतं. नळीच्या तोंडात बसवली, गज घेतला आणि ठासायला लागलो.

अर्ध्यावर गोळी थांबली.

दाबलं. ढिम्म! छातीचा भार टाकला. ढिम्म! कागद फुगला होता आणि खळ धरायला लागली होती. गोळी दारूवर टेकली नाही आणि मधे पोकळी राहिली, तर नळी फुटते. बंदूक गालाशी धरलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते मैदानाच्या फाटकावर लाल अक्षरांत लिहिलंय.

"झालं का जावईबापू?" मामांनी खुर्चीतून विचारलं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"झालं!" मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे! मामांनी बंदूक माझ्या हातातून घेतली.

"तुमचा चेहरा असा पांढरा का पडलाय?" बायकोनं विचारलं.

"ऊन लागलं."

"आपण सावलीत आहोत!"

मी मामांच्या मागे धावलो. "मामा, आज राहू द्या."

"का?"

"वारा आहे."

"पान हलत नाहीये!"

"तोच वारा फसवा असतो, मामा!"

मामा हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करता, बरं वाटतं. पण अहो, मी म्हातारा झालोय, मेलो नाहीये!"

मामांनी बंदुकीवर ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी चाचपत बसवली, घोडा ओढला. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला. त्या गालावर सकाळी दाढी करताना कापल्याचा बारीक ओरखडा होता. चापावर बोट गेलं.

"मारू नका!" मी किंचाळलो. "आत खळ आहे!"

खळ म्हणजे काय, ते कुणीच विचारलं नाही. चाळीस माणसं क्षणात जमिनीवर पालथी! मैदानप्रमुख टेबलाखाली. एकटे मामा उभे. त्यांनी घोडा हळूच उतरवला, टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगून टाकलं.

पुढची वीस मिनिटं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. लोक वाळूच्या पोत्यांमागे. प्रमुखांनी दारू भिजावी म्हणून टोपी बसते त्या भोकातून आत पाणी सोडलं, गजाला गोळीत रुतणारा स्क्रू लावला आणि ते ओढायला लागले. प्रत्येक झटक्याला मी डोळे मिटत होतो. शेवटी गोळी आली, कागदासकट, एकही घडी न सुटता!

प्रमुखांनी नळी उपडी केली. पाणी आलं. स्वच्छ, पिण्याजोगं पाणी.

"काळं यायला हवं," मामा म्हणाले.

प्रमुखांनी बोट ओलं करून पाहिलं. "मामा, आत दारूच नाहीये!"

मी खिसा चाचपला. दारूची कुपी खिशात होती, गच्च भरलेली. कागदाच्या कौतुकात मी ती उघडलीच नव्हती.

पोत्यांमागून एकेक जण गुडघे झटकत उठला. मामा मटकन खुर्चीत बसले. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्यांना असं बसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच कोसळलं.

"रडू नका," मामा म्हणाले. "तुमच्या हुशारीनं आज माझा जीव घेतला असता, तो तुमच्या वेंधळेपणानं वाचवला. तेव्हा यापुढे डोकं चालवू नका. वेंधळेच राहा!"

मी मान डोलावली. सासरच्यांनी मला जमेल असं काम पहिल्यांदाच सांगितलं होतं!