काहूनकाका आणि मच्छर

"डाक्टर, मच्छर मलेच काहून चावते?"

रायपुरात, आमच्या ब्राह्मणपाऱ्यात कुंती दीदीच्या चहाच्या ठेल्यावर सकाळी साडेसातला आधी हा प्रश्न येतो, मग छत्रीची मूठ आणि मग दिगंबरकाका. नमस्कार वगैरे फालतू गोष्टींत ते वेळ घालवत नाहीत. प्रश्न टाकायचा, बाकावर बसायचं आणि समोरच्याचं तोंड न्याहाळायचं, जणू उत्तर त्याच्या दातात अडकलंय.

'डाक्टर' म्हणजे मी. माझी पात्रता सांगतो : तीस वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी., तेही दुसऱ्या झटक्यात. आता नव्या रायपुरात एका सरकारी कार्यालयात फायली इकडच्या तिकडे करतो. हे सगळं मी काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मच्छर झाडाखालीच बसते ना? मग तुझाच विषय झाला!"

पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळे त्यांना काहूनकाका म्हणतात. अगदी तोंडावर. त्यांना ते आवडतं. 'काहून' म्हणजे 'का'च, पण नुसत्या 'का'मध्ये ती तक्रार कुठली?

काका निवृत्त पटवारी, म्हणजे आपला तलाठी. चाळीस वर्षं गावोगावची शेतं मोजली, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोकी फोडून घेणारे भाऊ पाहिले. त्यामुळे जगातलं कुठलंही युद्ध त्यांच्या लेखी धुऱ्याचं भांडण असतं. "दोघायलेही आपली हद्द माहीत नाही," ते पेपरावर बोट आपटतात, "पहिले जरीब टाका, मग तोफ टाका!" जरीब म्हणजे त्यांची मोजणीची साखळी. ती घेऊन त्यांना एकदा सीमेवर पाठवलं असतं, तर निम्म्या जगात शांतता नांदली असती, याबद्दल ठेल्यावर एकमत आहे.

खरी गंमत म्हणजे शरीरशास्त्र आणि परराष्ट्रधोरण हे त्यांचे दोन विषय एकाच कपात असतात.

"डाक्टर, झोपलो की एकच नाकपुडी काहून बंद होते?"

"काका, दोघी आळीपाळीनं काम करतात."

"पाहा!" काका अख्ख्या ठेल्याकडे वळले. "बारीबारीनं ड्यूटी! नाकाले समजते, बड्या देशायले समजत नाही."

"आणि उपासाच्या दिवशीच भूक काहून जास्त लागते?" या वेळी माझी वाट न बघता त्यांनीच निकाल दिला. "बंदी! ज्या मालावर बंदी, त्याचीच मागणी. तेलाचं पाहून घ्या."

"हव कका, पहिली चाय पी ले," कुंती दीदी म्हणते. तिच्या ठेल्यावर जागतिक शांततेपेक्षा रिकाम्या कपाची किंमत जास्त.

मच्छरांच्या प्रश्नावर मात्र मी एकदा वात्रटपणा केला. गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "काका, तुमचं रक्त गोड आहे. पटवारी असताना लोकांचे पेढे खाल्ले ना, ते अजून उतरले नाहीत."

"पेढेच खाल्ले, बाकी काही नाही खाल्लं!" काका कडाडले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बिनसाखरेचा चहा सुरू केला. महिनाभर! तोंड वाकडं करून तो प्यायचे आणि रोज बाही वर करून फोड मोजायचे. एकतिसाव्या दिवशी जाहीर केलं, "थिअरी फेल. दीदी, साखर डबल." मी कपात तोंड खुपसून बसलो होतो.

दिवाळीच्या तोंडावर त्यांचे प्रश्न अचानक एकाच दिशेला वळले. मुलगी मंजू, जावई आणि सहा वर्षांची नात परी आखातात राहतात. तीन वर्षांनी येणार होते. आणि नेमकं तिकडे दोन देशांचं बिनसलं, विमानं रद्द झाली.

"आकाश बंद केलं म्हणते," काका म्हणाले. "जमिनीले धुरे समजू शकतो. मीच घातले. आभाळात खुंटी कोणं गाडली, डाक्टर? काहून गाडली?"

त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला. पुढचे तीन दिवस आलेच नाहीत. चौथ्या दिवशी कुंती दीदीनं माझ्या हातात थर्मास दिला आणि मंदिराच्या दिशेनं मान हलवली.

मंदिरामागं काकांच्या दोन खोल्या. काका भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर, हातात पट्टी. मंजूच्या गावापासून रायपूरपर्यंत एक सरळ लाल रेघ होती, जुनी, पुसट झालेली. तिच्या खाली ते आता पेन्सिलनं दुसरी, वळसा घेणारी रेघ ओढत होते.

"असं समुद्रावरून फिरून आलं तर? लांब पडते. पण येते ना?"

मी नकाशा बघत राहिलो. काकांनी आजवर ठेल्यावर मिटवलेली झाडून सगळी भांडणं त्या लाल रेघेच्या आजूबाजूची होती. दुसऱ्या कुठल्या खंडाबद्दल ते कधी बोललेच नव्हते.

मी थर्मासमधला चहा ओतला. तेवढ्यात काकांनी दंडावर चापट मारली. "पाहा! मलेच!"

मी सहज खोलीभर नजर फिरवली. एक खाट. एक कप. खुंटीवर एक छत्री. काकू जाऊन चार वर्षं झालेली. तीस वर्षांपूर्वीच्या बी.एस्सी.ला उत्तर एका क्षणात सापडलं. त्यांना नाही चावणार तर कोणाला चावणार?

"मच्छरदाणी नाही का, काका?"

"आहे ना." त्यांनी पेटी उघडली. धुऊन घडी केलेली, मोठ्या पलंगाची मच्छरदाणी. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. "मोठी आहे. एका माणसासाठी काय टांगायची? मंजू आली की लागते."

दिवाळी तशीच गेली. नंतर केव्हातरी आभाळातली खुंटी निघाली. विमान वळसा घेऊन आलं की सरळ, ते मला माहीत नाही. काकांना माहीत आहे, पण ती हकिकत फार लांब आहे.

मंजू-परीच्या मुक्कामाच्या दुसऱ्या सकाळी मी ठेल्यावर होतो. साडेसात वाजले. या वेळी प्रश्न आला नाही. आधी परी आली, काकांचं बोट ओढत, "नानाजी, जल्दी चलो ना!" म्हणत; मग काका आले. डोळे जागरणानं लाल, कपाळावर फोड, कानाच्या पाळीवर फोड.

मी या खेपेला अभ्यास करून आलो होतो. "काका, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं. श्वास, घाम, अंगाची ऊब, असं सगळं..."

"राहू दे, राहू दे." काकांनी परीला बाकावर बसवलं, तिचे दोन्ही गोरेपान, कोरे हात ठेल्याला फिरवून दाखवले, आणि मग स्वतःची बाही खांद्यापर्यंत सारली.

"मोज, डाक्टर! ते तिघं मच्छरदाणीत, मी बाहेर. रातभर मलेच चावले. सारेच्या सारे मलेच!"

आणि मी मोजायला लागलो, तशी त्यांनी दुसरी बाहीही वर केली.