तीन नंबरची बरणी

महानंदाने पाळण्यात डोकावलं आणि तिच्या हातातली दुपटी खाली पडली. सात महिन्यांची गुलाब मजेत हसत होती आणि तिच्या हिरड्या, ओठ, हनुवटी, सगळं काळंकुट्ट झालं होतं.

"आत्याबाई, हिनं काय खाल्लं?"

"खाल्लं न्हाय ग. दात येत्यात, हिरड्या शिवशिवत्यात पोरीच्या. म्या जरा राखुंडी चोळली," तिच्या सासूबाई केशरबाई म्हणाल्या.

"कुठली राखुंडी?"

"ती काय, फळीवरची. तीन आकडा लिवलेली."

महानंदा उंबऱ्यातच बसली. फळीवर तिच्या नवऱ्याच्या सात बरण्या होत्या. बलभीम उस्मानाबादच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि घरी मिठावर चालणारी बॅटरी करायचा. दुष्काळात सगळं महागलं, मीठ तेवढं स्वस्त राहिलं, हा त्याचा मुद्दा. फक्त मिठाला धरून ठेवील असा कोळसा सापडत नव्हता. म्हणून तो बाभळीचा, तुराट्यांचा, करडीच्या टरफलांचा कोळसा कुटून, मीठ मिसळून बरण्या भरायचा. काहींत जुन्या सेलमधला काळा मसालाही घालायचा. कशात, ते तिला ठाऊक नव्हतं. ती बीए होती, पण मराठी घेऊन.

तिने घागर ओढली आणि ओल्या फडक्याने बाळाचं तोंड पुसायला घेतलं.

"जपून वापर," केशरबाई म्हणाल्या. "सूतगिरणीचा टँकर परवा येणाराय."

"पोरीच्या पोटात विष गेलं असंल आत्याबाई, अन् तुम्ही टँकरचं सांगताय."

तेवढ्यात बलभीमच आला. सायकल भिंतीला टेकवत त्याने खिशातून पोस्टकार्ड काढलं. "औरंगाबादच्या सरांचं उत्तर आलंय. तीन नंबरवर दिवा चाळीस मिनिटं जळला, हे वाचून सर चकित झालेत. म्हणतात, असा पदार्थ..."

"त्या तीन नंबरात सेलचा मसाला आहे का?"

"आहे की. का?"

महानंदाने बाळ त्याच्यासमोर धरलं. कार्ड खाली टाकून त्याने सायकल पुन्हा उचलली. "बस मागं. दवाखान्यात जाऊ. आई, किती चोळलीस तू?"

केशरबाईंनी पदर सारखा केला. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दवाखाना नगं. तुझी भुकटी न्हाय त्यात."

"म्हंजे?"

"गेल्या सोमवारी सांडली माझ्याकडनं. पाण्याचे हाल, म्हणून त्या भुकटीनंच भांडी घासून घेतली. तू बोंबलशील म्हणून माझा राखुंडीचा डबा तुझ्या बरणीत रिता केला. आता मला दातालाबी त्याच बरणीतली लागती. गल्लीतल्या तीन पोरांस्नी लावली, कुणी मेलं न्हाय."

महानंदाने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. बलभीम मात्र सायकल धरून तसाच उभा होता.

"सोमवारी?" तो हळूच म्हणाला. "दिवा तर मंगळवारी जळला."

मग त्याने कार्ड उचललं, झटकलं आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. सरांनी पदार्थाची संपूर्ण कृती उलट टपाली मागवली होती. तो वही-पेन घेऊन आईसमोर मांडी घालून बसला.

"आई, काय काय घालतेस ग त्यात?"

"ते सांगत नसत्यात," केशरबाई म्हणाल्या. "मला माझ्या सासूनं मरताना सांगितलं. म्या महानंदाला सांगीन."