ड्रॅगनच्या कादंबरीसाठी एक सही

माणूस काय वाचतो यावर त्याची समाजातली पत अवलंबून असते, आणि पत सांभाळायची तर आपण काय वाचलं हे विचारपूर्वकच सांगावं लागतं. या बाबतीत वाचनालयाच्या सभासदांची जबाबदारीची जाणीव वाखाणण्याजोगी होती.

समितीने सर्वेक्षण केलं: गेल्या वर्षी कोणतं पुस्तक आवडीने वाचलंत? चारशे बारापैकी चारशे पाच सभासदांनी ‘राज्यव्यवहाराची तात्त्विक बैठक, खंड तिसरा’ असं उत्तर दिलं. (पहिला आणि दुसरा खंड वाचनालयात नाही. तिसऱ्याची छापखान्यातून जोडलेली आलेली पानं अजून कुणी कापलेली नाहीत.) उरलेल्या सातांनी प्रश्न नीट वाचला नव्हता. ड्रॅगनच्या जुन्या विनोदी कादंबरीला शून्य मतं पडली, आणि शून्यवाली पुस्तकं शुक्रवारी पाच वाजता रद्दीत काढायची असा ठराव झाला. अपवाद एकच: एखाद्या सभासदाने ‘मी ही कादंबरी वाचली व मला ती आवडली’ असं पूर्ण नावानिशी लिहून द्यावं.

ग्रंथपालबाई चक्रावल्या. या शून्य वाचकांनी कादंबरीची बांधणी आजवर चार वेळा खिळखिळी केली होती. शेवटच्या पानामागे एकतीस जणांची प्रतीक्षायादी होती (पेन्सिलने, वेळप्रसंगी खोडता यावी म्हणून).

बाई सही मागायला यादीतल्या एकेकाकडे गेल्या. पहिले होते निवृत्त न्यायाधीश, तिसऱ्यांदा वाचण्यासाठी रांगेत.

“बाई, तो ड्रॅगन म्हणजे आमचे जावईच हो,” हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत ते म्हणाले. “जेवलात का म्हणून कुणी विचारलं नाही, की बसले गुहेत रुसून. अकरा प्रकरणं! आणि त्याची समजूत काढायला जाते ती म्हातारी चेटकीण, काय फटकळ आहे हो.”

“मग करता सही?”

“सही?” त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. “माझ्या सहीने माणसं तुरुंगात गेलीत, बाई. ती ड्रॅगनखाली कशी करू?”

डॉक्टरीणबाईंनी कादंबरी केवळ रक्तदाब उतरावा म्हणून वाचली होती, सबब आवडण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. मुख्याध्यापकांनी तर कानांवर हात ठेवले. मुलांच्या हाती लागू नये एवढ्याचसाठी आपण ती घरी नेऊन ठेवतो, म्हणाले. (आतापर्यंत सात वेळा.)

राहता राहिल्या स्वतः ग्रंथपालबाई. आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी त्यांना हसवलं होतं ते याच रुसक्या ड्रॅगनने, आणि त्यांचा त्याच्यावर जीव होता. पण सभासद म्हणून सर्वेक्षणात त्यांनीही तिसरा खंडच लिहिला होता, आता सही केली की ते उत्तर खोटं ठरणार होतं, आणि खोटी माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याची बढती रोखावी हा नियम त्यांनी स्वतःच टाइप केला होता. शुक्रवारी पावणेपाचला त्यांनी पूर्ण नावानिशी सही केली.

कादंबरी कपाटात राहिली. बाईंची बढती हुकली. यादीतले एकतीस जण एकेक करून येऊन ‘तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने असलं वाचावं?’ म्हणून हळहळून गेले, आणि जाता जाता आपला नंबर कधी लागेल तेही विचारून गेले.

पुढचं सर्वेक्षण घरोघर होणार आहे. फॉर्म तुमच्याकडेही येईल. ही गोष्ट वाचल्याचं त्यात लिहिण्याची सक्ती नाही. आपल्या सोयीसाठी उत्तर आधीच छापलेलं असेल. तुम्ही फक्त सही करायची आहे, आणि ती तुम्ही कराल याची समितीला खात्री आहे.