व्हिसा, मामा आणि दुपारची झोप

नियोजन शिकायचं तर माझ्याकडून शिकावं! हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतेय, कारण आमच्या सांतियागो देल एस्तेरोमध्ये दुसरं कोणी सांगेल असं वाटत नाही.

मला हवा होता न्यूझीलंडचा 'काम करा आणि हिंडा' व्हिसा. वर्षभर राहायचं, बागांमध्ये किवी तोडायचे आणि त्या कमाईवर देश पालथा घालायचा! अख्ख्या आर्जेंटिनातली तरुण मंडळी त्यासाठी टपून बसलेली असतात. अर्ज वर्षातून एकदाच उघडतात आणि बघता बघता जागा संपतात. आधीच्या दोन्ही खेपांना मी दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत सगळा कारभार आटोपला होता. त्यात वयाची अट पस्तीस, आणि मी पस्तीसचीच. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही!

म्हणून यंदा तयारी अगदी कडेकोट होती. सगळी उत्तरं कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. दोन लॅपटॉप मांडले. वीज गेलीच तर सोय हवी म्हणून शेजारच्या निल्दाबाईंच्या घरातून वायर ओढून ठेवली. पैसे भरायला एव्हारिस्तो मामाचं कार्ड होतं, कारण परदेशात चालणारं कार्ड आमच्या खानदानात त्याच्या एकट्याकडे. फीची रक्कम मी त्याच्या हातावर आधीच ठेवली होती. कार्डाचा लांबलचक नंबर त्याने लिहून दिला, पण कार्डाच्या पाठीवरचे तीन गुप्त आकडे काही देईना.

"ते कागदावर लिहायचे नसतात, ग्रिसेल्दा. ऐन वेळी तोंडी सांगेन."

"मामा, अर्ज अडीचला उघडणार आहेत. भर दुपारी!"

"मग?"

"मग तू झोपशील!"

"मी? भाचीच्या आयुष्याचा प्रश्न आणि मी झोपेन? मामा आहे तुझा, कोणी परका नाही!"

आमच्याकडे दुपारी एक ते पाच कोणी कोणाला उठवत नाही. आग लागली तरी लोक पाच वाजायची वाट बघतील! आई तर या बाबतीत ठाणेदारच. पस्तीस वर्षांत तिने दुपारी घरात चमचा वाजू दिलेला नाही. त्यातून तिला मी जायलाच नको होतं. "किवी काय, बाजारात मिळतात," एवढं एकच वाक्य ती महिनाभर ऐकवत होती.

तो दिवस उजाडला. बाहेर बेचाळीस डिग्री, आत मी दोन्ही लॅपटॉपसमोर. अडीच वाजले, मी बटण दाबलं आणि... आत! मी आत होते! पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान! भिंतीवरची उत्तरं मी अशी उतरवली की शाळेत कॉपी करतानाही माझा हात एवढा चालला नव्हता. आली पैसे भरायची पाटी. पंधरा मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागलं. तीन वेळा चुकलात तर अर्ज बाद, असंही खाली लिहिलं होतं.

"मामा! आकडे!"

मामा कुठाय? जेवताना त्याने खिमा भरलेल्या करंज्यांसारख्या अकरा एम्पनादा हाणल्या होत्या, वर सोडा घालून वाईन. मग "जरा पाठ टेकतो" म्हणत अंगणापलीकडच्या खोलीत गेला होता. तिथून आता ट्रॅक्टर चालू झाल्यासारखं घोरणं ऐकू येत होतं.

मी लॅपटॉप उचलून त्याच्या खिडकीशी धावले. दाराला आतून कडी. हाक मारायची सोय नाही, आई जागी होईल!

"मामा," मी कुजबुजले. "मामा रे! तीन आकडे सांग!"

घोरणं थांबलं. मामा झोपेतच हसला. "तीन... चार... आठ..."

देवमाणूस! झोपेतही भाचीची काळजी! मी टाकलं तीनशे अठ्ठेचाळीस. लाल अक्षरं आली. चूक.

"मामा, नीट आठव! कुठले आकडे?"

"सांगितलं ना! तीन, चार, आठ! लाव की लवकर!"

एवढ्या ठामपणे सांगतोय म्हणजे माझंच बोट चुकलं असणार. पुन्हा टाकले. पुन्हा लाल! आता एकच संधी आणि चार मिनिटं. मला रडूच कोसळलं. रडले तेही तोंडात पदर कोंबावा तसा टी-शर्ट कोंबून.

मागून आवाज आला, "काय चाललंय?" आई! केस विस्कटलेले, हातात चप्पल.

"आई, ओरडू नकोस... मामा झोपलाय... तीनशे अठ्ठेचाळीस सांगतो, ते चुकतंय... चार मिनिटांत माझं सगळं संपणार गं!"

आईने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. चप्पल कडी लावलेल्या दारावर धाडकन आपटली आणि जन्मात कधी ओरडली नव्हती अशी ओरडली, "एव्हारिस्तो! ऊठ मेल्या! तीन-चार-आठ नाहीये ते! तीन-चार-आठ नाही! माझ्या पोरीला न्यूझीलंडला जायचंय!"

गल्लीतले सगळे कुत्रे भुंकायला लागले. खिडक्या फटाफट उघडल्या. मामा पलंगावरून पडला तो उशीखालच्या कार्डासकटच. त्याने कार्ड खिडकीतून बाहेर काढलं, मी मागचे आकडे वाचून टाकले आणि चाळीस सेकंद उरले असताना हिरवी खूण आली. गंगेत घोडं न्हालं! मी आईच्या गळ्यात पडले. मी जाऊ नये असं वाटणाऱ्या माझ्या आईने माझ्यासाठी गावाची दुपार मोडली होती! मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

संध्याकाळी मामा हात चोळत आला. "लावलास ना आकडा?"

"कुठला आकडा?"

"अगं, तुझी आजी आली होती स्वप्नात! आपल्याकडे प्रत्येक स्वप्नाला लॉटरीचा एक आकडा ठरलेला. मेलेलं माणूस बोललं म्हणजे अठ्ठेचाळीस, हे शेंबडं पोरही सांगेल! तिच्या ताटात एम्पनादा तीन, म्हणून तीनशे अठ्ठेचाळीस. दोनदा सांगितलं तुला, जाऊन लाव म्हणून!"

मी मान खाली घातली. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. लॉटरीच्या सोडतीत पहिलाच नंबर तीनशे अठ्ठेचाळीस! आणि भर दुपारी कोणीतरी किंचाळून तीन आकडे सांगतंय म्हणजे हा वरचाच इशारा, असं मानून अख्खी गल्ली पाचच्या ठोक्याला लॉटरीच्या दुकानात पोचली होती. सगळ्यांना लागली. लावला नव्हता तो फक्त आमच्या घराने! मामा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

महिन्याभरात व्हिसा आला. मी निघाले त्या दिवशी बस स्टँडवर सगळी गल्ली लोटली होती. कोणी केक आणला, कोणी स्वेटर, निल्दाबाई तर हुंदके देत होत्या. माझ्यावर लोकांचं एवढं प्रेम आहे, हे मला ठाऊकच नव्हतं!

"पोचलीस की फोन कर हं, पोरी," निल्दाबाई नाक पुसत म्हणाल्या. "आईला कर, पण दुपारी कर, आम्ही झोपलेले असताना. जास्त काही बोलू नकोस. तीनच आकडे सांग, पुढचं ती ओरडेलच."

म्हटलं, जाऊ दे, आई तर आहे! आईने मला घट्ट धरलं. डोळे पुसले, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. आता आशीर्वाद देणार, म्हणून मी डोळे मिटले.

"तिकडे आजी स्वप्नात आली," ती म्हणाली, "तर फोनवर हळू सांग. निल्दा ऐकते."