कोदंडपाणीची तारीख

बायकोला मेसेज करायचा नाही, संध्याकाळी फोनवर तिचा चेहरा बघत बघतच सांगायचं, असं कोदंडपाणीने सकाळी आठ वाजता ठरवलं. सगळा घोटाळा त्यामुळे झाला.

ओहायोत, कोलंबसजवळच्या एका वसाहतीत तो अकरा वर्षं राहत होता. (ऑफिसात त्याला ‘कोडी’ म्हणत. पूर्ण नाव घ्यायला लागलेला माणूस मध्येच दम घेई.) अकरा वर्षांपूर्वी कंपनीने त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज भरला, आणि तो रांगेत लागला. सरकार दर महिन्याला एक तक्ता काढतं: अमक्या देशाच्या, तमक्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांनी पुढे यावं. कोदंडपाणीची तारीख काही येत नव्हती. कधी रांग आठवडाभर सरके, कधी चक्क मागे जाई. कार्ड आल्यावर सोफा घेऊ, असं म्हणत नवराबायकोने दोन घडीच्या खुर्च्यांवर संसार केला होता.

सात महिन्यांपासून त्यातली एक खुर्ची रिकामी होती. आईचं हाड मोडलं म्हणून सुवर्चला विजयवाड्याला गेली, आणि परतीच्या व्हिसाचा शिक्का घ्यायची मुलाखत पुढे पुढे ढकलली जाऊन थेट पुढच्या वर्षात गेली. आपण जावं, तर आपणही तिकडेच अडकू आणि नोकरी जाईल, ही भीती. तेव्हा कोदंडपाणी एकटाच पप्पू-भात, म्हणजे तेलुगू वरणभात, शिजवी. प्रमाण दोघांचंच पडे, मग तेच दुसऱ्या दिवशी खाई. रविवारी तर घरात दिवसभरात कुकरखेरीज कोणी बोलत नसे.

आणि आज सकाळी, चष्मा न लावता, फोनवर तक्ता वरखाली सरकवताना त्याला दिसलं की रांग त्याच्या तारखेच्या कितीतरी पुढे गेली आहे. एका महिन्यात आठ वर्षांची उडी. शहाण्या माणसाला शंका आली असती. कोदंडपाणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत तोंड मिटून राहायचं होतं. पण जिन्याखाली फावड्याने बर्फ सारत शेजारच्या लोरेनबाई भेटल्या. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा वारलेला, डाव्या कानाला यंत्र.

“मिसेस हेवरकॅम्प, माझी तारीख लागली,” तो म्हणाला.

बाईंचा हात थांबला. “कसली रे? कधीची?”

“मार्चची. अकरा वर्षं केस चालू आहे माझी.”

“अकरा वर्षं? आणि कधी बोलला नाहीस?”

“काय बोलणार? वकील म्हणतो, गप राहायचं, पत्ता बदलला तर कळवायचं, देशाबाहेर जायचं नाही.”

“आणि तुझी बायको?”

“तिला तिकडेच अडकवून ठेवलंय. केसमध्ये दोघांचीही नावं आहेत ना. आता बोटांचे ठसे घेतील.”

“कोडी,” बाई हळूच म्हणाल्या, “तू हे हसत हसत सांगतोयस.”

“इतकी वर्षं झाल्यावर माणूस हसणारच हो,” म्हणून तो ऑफिसला गेला. बाई बराच वेळ फावडं धरून उभ्या होत्या.

संध्याकाळी सात वाजता, तिकडच्या पहाटे साडेपाचला, त्याने फोन लावला. सुवर्चलाच्या हातात कॉफीचा पेला होता.

“आपली तारीख लागली,” तो म्हणाला. चेहरा बघायचाच होता, तो बघितला. सात महिन्यांत असा दिसला नव्हता.

“तक्ता दाखवा बघू,” ती म्हणाली. त्याने पाठवला. तिने तो मोठा करून पाहिला. “अहो, चष्मा लावा. वरच्या ओळीत काय लिहिलंय?”

त्याने चष्मा लावला. “चीन.”

“आपला रकाना शेजारचा. जिथे होता तिथेच आहे.”

तिने पेला खाली ठेवला. मग तिने विचारलं, “जेवलात का?”

“भूक नाही.”

“कालचा भात असेल ना? त्याला फोडणी द्या.”

तेवढ्यात दार वाजलं. फोन तसाच ओट्यावर टेकवून त्याने दार उघडलं, तर बाहेर सात-आठ शेजारी उभे. पुढे गरम नूडल्सचं भांडं घेऊन लोरेनबाई (“मांस नाही हं, नुसता ट्यूना मासा आहे”), मागे टपालखात्यातून निवृत्त झालेला ड्वेन, दोन्ही बगलांत खुर्च्या. अकरा वर्षांत या घरात इतकी माणसं कधी आली नव्हती. लोरेनबाईंनी त्याला मिठी मारली.

अभिनंदनाला आलेत, कोदंडपाणीला वाटलं. आता यांना कसं सांगायचं? तो खाली मान घालून म्हणाला, “माफ करा. माझीच चूक झाली. तारीख लागलीच नाही. पुढे गेली, कितीतरी वर्षं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी पाठ थोपटली. लोरेनबाईंनी डोळे पुसले.

“हे लोक टाळ्या का वाजवतायत?” ओट्यावरून सुवर्चलाने विचारलं.

कोदंडपाणीलाही कळेना. त्याचं दुःख इतकं लोकप्रिय होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“गुन्हा काय होता रे?” ड्वेनने खुर्ची उघडत विचारलं. “सांगायचं नसेल तर नको सांगू.”

“गुन्हा? मी नोकरी करतो.”

मग सगळा उलगडा झाला. लोरेनबाई हसता हसता निसटून पडलेलं कानाचं यंत्र शोधू लागल्या. सुवर्चला तर पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तिचं हसू थांबू नये म्हणून शाकाहारी कोदंडपाणीने ट्यूनासुद्धा ताटात वाढून घेतला.

ड्वेन मात्र गंभीर होता. “म्हणजे तुला इथेच थांबायचंय, देश सोडायचा नाही, बायकोची भेट फोनवर. अजून किती वर्षं?”

“वकील म्हणतो, दहा-बारा.”

“चांगल्या वर्तणुकीबद्दल काही सूट?”

“नाही,” कोदंडपाणी म्हणाला. “ती तर अट आहे.”